अर्धं नांगरलेलं वावर

निंबखेड, ता. दिग्रस
८ मार्च २०२५

मामाजी,

इथूनच पाया पडते. गुडघ्याचे टाके निघाले, असं रजतभाऊजींनी फोनवर कळवलं. आता चालायचा कंटाळा करू नका.

मी फोन करत नाही म्हणून रुसू नका. कानातलं यंत्र लावूनसुद्धा तुम्हाला फोनवर काही ऐकू येत नाही. तुम्ही नुसतं ‘हो हो’ म्हणता आणि मग भलतंच काही करून बसता. त्यापेक्षा कागद बरा. सासऱ्यानं सुनेचं सगळं बोलणं मधे न बोलता ऐकून घ्यायची ही एकच रीत मला सापडली आहे.

वावराची खबर. वरच्या वावरातली तूर झाली. बुडापासून कापली, उपटली नाही, मुळं मातीतच राहू दिली. सोयाबीनचं कुटार, तो सगळा भुसा, मळणीनंतर लगेच पसरलं होतं, त्यावर आता तुरीचा पाला पडला आहे. ते चार एकर तुम्ही माझ्या हाती दिले त्याला या पाडव्याला तीन वर्षं होतील. या तीन वर्षांत तिथं ना नांगर लागला, ना वखर. पहिल्या वर्षी शेजाऱ्यांपेक्षा कमी पिकलं, तेव्हा तुम्ही एक शब्द बोलला नाहीत, हे मी विसरले नाही. दुसऱ्या वर्षी बरोबरीला आलं. तिसऱ्या वर्षाची तूर तुम्ही नागपूरला जाण्याआधी स्वतः पाहिली आहे.

काल कुटार बाजूला सारून हात घातला, तर मार्चमध्येसुद्धा माती गार लागली. पूर्वी याच जागी खुरपं मारलं की दगडावर मारल्यासारखं वाजायचं.

लोक हसतात, ते तर रोजचंच आहे. आपल्या खालच्या अंगाला ज्यांचं वावर, ते नानाजी परवा धुऱ्यावर उभे राहून म्हणाले, “काय व दिपाली, घरी झाडू नाही का? वावर झाडाचं राह्यलं तुह्यं!” सगळे खो खो हसले. किसनरावांचं वावर म्हणजे अंगण, काडी सापडायची नाही, आणि सुनेनं त्याचा उकिरडा केला, असं गावभर चाललं आहे. चालू दे. तुम्ही बरे होऊन या, मग आपणही हसू.

तुमची
दिपाली


नागपूर
१६ मार्च २०२५

दिपाली,

सुखी राहा. तुझं पत्र आलं. दोन-तीनदा वाचलं आणि मन खट्टू झालं.

इथं व्यायाम घ्यायला एक पोरगी येते. ती माझा गुडघा वाकवते आणि मलाच विचारते, “दुखतं का आजोबा?” दुखत नसतं तर मी बोंबललो असतो का? असो.

तू हसत हसत लिहिलंस, पण मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. लेकीसुनांचं हसणं मला वाचता येतं. गोपाल एसटीच्या ड्युटीवर, मी इथं पलंगावर, आणि चार एकराचा कचरा उचलायला तू एकटी. मदत मागायची लाज वाटते म्हणून ‘मी मुद्दामच ठेवला’ असं म्हणायचं, हे मला कळत नाही का? आणि त्या नानाजीला हसायला दुसरं कोणी मिळालं नाही? त्याचा आणि माझा धुऱ्याचा, मधल्या बांधाचा वाद तुला माहीत आहे. वीतभर धुरा त्यानं कोरला म्हणून अकरा वर्षं मी त्याच्या घरचं पाणी प्यायलो नाही. तो माझ्या सुनेला झाडू दाखवतो!

माती उघडी करून उन्हात तापवावी लागते, पोरी. माझा बाप म्हणायचा, चैतात वावर तापलं नाही तर आषाढात आपण तापतो. आपल्या घरी पाडव्याला नांगराचं पहिलं तास मारल्याशिवाय पुरणपोळी ताटात पडत नाही. यंदा माझा हात औताला लागणार नाही, याचं फार वाईट वाटतं. पण तू काळजी करू नकोस. पाडव्याला तुला माझ्याकडून एक भेट मिळेल. काय ते विचारू नकोस.

आशीर्वाद.
किसनराव


निंबखेड
३१ मार्च २०२५

मामाजी,

पाया पडते, पण आज रागानं पडते आहे, हे आधीच सांगून टाकते.

काल पाडवा. सकाळी गुढी उभारली आणि पुरण वाटायला बसले. आमचे हे पहाटेच डेपोत गेले होते, सणाच्या गर्दीत ड्रायव्हरला सुट्टी कुठली. थोड्या वेळानं वरच्या अंगाकडून ट्रॅक्टरचा आवाज यायला लागला. कुणाचं तरी चाललं असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही. मग नानाजी दारावरून जाताना ओरडले, “वा व पोरी! शेवटी वावर झाडाले काढलंच ना!”

पुरणाच्या हातांनी तशीच धावत सुटले. चप्पलही घातली नाही. धुऱ्यावर पोचले तर भीमसिंगभाऊ ट्रॅक्टरवर ऐटीत बसलेले, ट्रॅक्टरला झेंडूची माळ, आणि खालचं अर्धं वावर उलटंपालटं होऊन पडलेलं. मी सरळ ट्रॅक्टरच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले.

“कोनं सांगतलं तुमाले?”

“काकाजीनं! रजतच्या फोनवरून बोलले. सुनेले पाडव्याची भेट द्याची हाय म्हने. मी तं डिझलबी माह्यंच टाकलं, वयनी.”

“बंद करा ट्रॅक्टर.”

“अवो, अर्धं राह्यलं ना आता. अर्धी हजामत केल्यावानी दिसन वावर!”

“दिसू द्या.”

“लोकं काय म्हनतीन?”

“आजवर जे म्हनत होते तेच म्हनतीन. बंद करा म्हनते ना मी!”

त्यांनी बंद केला. बिचारे रागावले नाहीत, बावरले. म्हणाले, “मले वाटलं तुमी खुश होसान.” मी त्यांना घरी नेऊन पोटभर पुरणपोळी वाढली. त्यांची काही चूक नव्हती. चूक तुमची आहे, मामाजी.

तुम्ही म्हणाल, नांगरलं तर बिघडलं काय? कापलेल्या तुरीची मुळं मातीत कुजून तिथं बारीक बारीक वाटा झाल्या होत्या. गांडुळांची बिळं होती. पावसाचं पाणी त्यातून खाली उतरायचं. ते सगळं एका सकाळी मोडलं. गांडुळं वर आली आणि बगळे ट्रॅक्टरच्या मागं मागं फिरून सण साजरा करत होते. ते बघून मला रडू आलं. वरचं कुटार खाली गाडलं गेलं आणि खालची माती उन्हात पडली. तीन वर्षं लोकांचं ऐकून घेतलं ते यासाठी का?

लोक हसतात असं मी लिहिलं होतं, ती गंमत होती. मला मदत हवी असती तर मी मागितली असती. तुम्हाला कधी वाटलं, ही लाजते? तुमच्या घरचं स्थळ ठरताना चहाच्या आधी शौचालय आहे का ते विचारणारी मी!

उरलेलं वरचं अर्धं मी नांगरू देणार नाही. भीमसिंगभाऊंना नाही, गोपालला नाही, आणि तुम्ही स्वतः औत घेऊन आलात तरी नाही.

दिपाली


नागपूर
९ एप्रिल २०२५

दिपाली,

पत्र मिळालं. रजतनं वाचून दाखवतो म्हटलं, मी दाखवू दिलं नाही.

मी भेट पाठवली आणि तू माझा निकाल लावलास. पन्नास वर्षं मी ते वावर केलं. वखरताना काडी दिसली तर औत थांबवून उचलायचो. दारव्ह्याच्या बाजारात माणसं ओळख करून देताना म्हणायची, हे अंगणवाले किसनराव. आणि माझी सून मला लिहिते की तुम्ही औत घेऊन आलात तरी नाही! सातबाऱ्यावर नाव कोणाचं आहे, बाई?

तू चांगल्या मनाची आहेस, कष्टाला मागं हटत नाहीस, हे मी जाणतो. पण मारेगावला माहेरी कुणाचं तरी वावर बघून आलीस आणि तेच डोक्यात घेतलंस. रजत कधीपासून म्हणतो आहे, वरचं वावर वर्षाच्या बोलीवर भीमसिंगला मक्त्यानं द्या, वहिनीच्या जिवाला आराम. मी आजवर ‘हो’ म्हटलं नाही.

आता ऐक. खालचं अर्धं नांगरलेलं आहे, वरचं अर्धं तुझं आहे. देवानंच वाटणी करून दिली. दोन्हीकडं सोयाबीन पेर, मधे तुझी तूर हवी तर टाक. दिवाळीला सोयाबीनची पोती बघायची. तुझ्या अर्ध्यात जास्त झाली तर मी पुन्हा नांगराचं नाव काढणार नाही. माझ्या अर्ध्यात जास्त झाली, तर पुढच्या पाडव्यापासून चारही एकर मक्त्यानं जातील आणि तू वरच्या वावराकडं फिरकायचं नाही.

मंजूर असेल तर लिही. नसेल तर तेही लिही.

किसनराव


निंबखेड
१५ एप्रिल २०२५

मामाजी,

मंजूर.

बियाणं एकच, शेणखत सारखं, टोकण एकाच दिवशी, मजूर बायाही त्याच. खालच्या अर्ध्यात वखरणी-डवरणी तुमच्या रीतीनं होईल, त्यात मी कुचराई करणार नाही. तुमच्या अर्ध्याला मी सावत्र आईसारखं वागवलं असं कुणी म्हणायला नको. निकाल मात्र तुम्ही स्वतः येऊन बघायचा. फोटोत नाही.

दुसऱ्या गुडघ्याची तारीख मिळाली का? भिऊ नका.

दिपाली


निंबखेड
२० जुलै २०२५

मामाजी,

दुसरा गुडघाही नीट झाला, ऐकून बरं वाटलं.

खरं तेच लिहायचं असं ठरवलं आहे, म्हणून आज वाईट बातमी लिहिते. खालचं अर्धं बघायला या म्हणावं असं झालं आहे. काळंभोर सोयाबीन, ओळी सरळ, गुडघ्याला लागायला आलं. डवरणी झाल्यावर तर वाटलं, तुम्हीच येऊन करून गेलात. पहिल्या मोठ्या पावसात तिकडं दोन ओघळी पडल्या, बांधाकडची माती वाहून गेली, पण पिकाला तसं काही झालं नाही.

माझं अर्धं बघवत नाही. पाऊस सगळा जिरला, एक ओघळ नाही, पण रोपं फिकट पडली. कुटार कुजताना खताचा जोर आधी तेच खातं, असं वाचलं होतं, तसंच झालं. आणि त्यावर गोगलगायी. दिवसा कुटाराखाली गारव्याला दडून बसतात आणि रात्री कोवळी रोपं देठापासून कुरतडतात. आधीच्या तीन वर्षांत एवढ्या कधी आल्या नव्हत्या. ओळींमधे जागोजाग रिकाम्या जागा पडल्या आहेत. मी आणि शेजारची निकिता रोज बादल्या भरभरून वेचतो. काल नानाजी म्हणाले, “हे काय नवीन पीक काढलं व?”

तणनाशक मारा म्हणून दुकानदार मागं लागला होता. मी फवारणार नाही. तण विळ्यानं कापते आणि तिथंच आडवं टाकते. पाठ मोडते, पण मोडू दे.

हरत असले तरी अजून हरले नाही.

दिपाली


नागपूर
२ ऑगस्ट २०२५

दिपाली,

पत्र वाचून मिशीला पीळ दिला, हे लपवत नाही. कुटार हे गोगलगायींचं माहेर झालं म्हणायचं! ओघळी दरवर्षी पडतात, त्याचं काही मनावर घेऊ नकोस.

आता दुसरं. आमच्या खालच्या मजल्यावर लातूरकडचे एक गृहस्थ राहतात. त्यांच्या गावी गोगलगायींनी सोयाबीनचा फडशा पाडला होता, असं कानावर आलं होतं. म्हणून काठी टेकत जिना उतरून गेलो. रजतची बायको मागून ओरडत होती, पण यंत्र काढून ठेवलेलं होतं. ते म्हणाले, गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून संध्याकाळी ओळींमधे टाकायचे. रात्री सगळ्या गोगलगायी त्याखाली जमतात. सकाळी उचलायच्या आणि मिठाच्या पाण्यात टाकायच्या. धुऱ्याच्या कडेनं चुन्याची जाड रेघ ओढायची, बाहेरच्या आत येत नाहीत.

आजच कर. जिंकायचं तर मला आहेच, पण गोगलगायींच्या जोरावर नाही.

किसनराव

ता. क. हातमोजे घाल. त्यांचा चिकटा निघत नाही म्हणतात.


निंबखेड
६ सप्टेंबर २०२५

मामाजी,

गुळाचं गोणपाट लागू पडलं. चार-पाच दिवसांत गोगलगायी आटोक्यात आल्या. निकिता म्हणते, मामाजी कोणाच्या बाजूनं आहेत ते एकदा ठरवा म्हणावं.

पोळ्यानंतर पावसानं तोंड फिरवलं आहे. शेंगा भरायच्या नेमक्या वेळी. खालच्या अर्ध्यात जमिनीला भेगा पडल्या, हात जाईल एवढ्या. दुपारी पानं माना टाकतात, काही झाडं खालून पिवळी पडायला लागली आहेत. माझ्या अर्ध्यात भर दुपारी पानं ताठ आहेत. कुटार उचललं की खाली ओल दिसते. मी रोज एकदा उचलून बघते आणि परत झाकते.

पण शेंगा झाडाला लागतात आणि माझ्याकडं झाडंच कमी आहेत. आहेत ती भरली आहेत. पुरतील का, सांगता येत नाही. तुमच्या अर्ध्यात डवरणीनंतर भेगा बुजवायला पुन्हा एकदा डवरा फिरवला. तुम्ही इथं असतात तर तेच केलं असतं ना?

दिपाली


निंबखेड
५ नोव्हेंबर २०२५

मामाजी,

तुम्ही दिवाळीला आलात, काठी टेकत वरचं वावर पाहिलंत, पोती पाहिलीत, भाऊबीज झाली आणि परत गेलात. एवढ्या दिवसांत वावराबद्दल चकार शब्द काढला नाहीत. मी चहा ठेवला की तुम्ही यंत्र काढून ठेवायचात. मला कळत नाही असं वाटलं का?

म्हणून जे झालं ते कागदावर मीच लिहिते. खालच्या अर्ध्यात माझ्यापेक्षा एक पोतं सोयाबीन जास्त झालं. एकच, पण जास्त ते जास्त. तूर अजून उभी आहे, ती मी मधे आणत नाही, बोली सोयाबीनची होती. मी हरले.

हरले असले तरी एक मागणं मागते. अटीप्रमाणे नाही, तुमची सून म्हणून. ते वावर मक्त्यानं देऊ नका. भीमसिंगभाऊ चांगले आहेत, पण मक्तेदार दरसाल नांगरणार, त्याला दुसऱ्या वर्षाची काय फिकीर? माझं अर्धं आता कुठं जिवंत झालं आहे. गोगलगायींचं मला यंदा कळलं, पुढच्या वर्षी मी त्यांच्या आधी तयार असेन. एका पोत्याची तूट मला भरून काढता येईल. मोडलेली माती मला विकत आणता येणार नाही.

रजतभाऊजींनी भीमसिंगभाऊंशी बोलणी सुरू केली आहेत, असं यांच्याकडून कळलं. माझा त्यांच्यावर राग नाही, ते माझ्याच भल्याचं बघतात. पण वावर तुमचं आहे, तेव्हा उत्तर तुम्ही द्यायचं. ‘नाही’ असेल तर ‘नाही’ लिहा. मी वाचू शकते. गप्प मात्र बसू नका. आणि ‘नाही’ आलं, तर पुढच्या दिवाळीला मी पुन्हा विचारीन, त्याच्या पुढच्या दिवाळीलाही विचारीन, हे आत्ताच सांगून ठेवते.

दिपाली


नागपूर
१७ नोव्हेंबर २०२५

दिपाली,

मी गप्प होतो, कारण बोललो असतो तर चारचौघांत रडलो असतो. या वयात ते बरं दिसत नाही.

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी तू चकल्या तळत होतीस तेव्हा मी पारावर बसलो होतो. तिथं नानाजी आला. अकरा वर्षांनी पहिल्यांदा माझ्या शेजारी येऊन बसला. मला वाटलं, म्हातारपणी शहाणपण आलं. तर खिशातून सुपारी काढून मला देतो आणि काय म्हणतो, “किसनराव, यंदा तुमच्या वावरानं माह्यं वावर भरलं. दोन-तीन ट्रॉल्या काळी माती आली वाहून, फुकट! कपाशी पाहा कशी झाली त्या कोपऱ्यात. पुढल्या सालीबी नांगरजा बरं!”

यंत्र कानात होतं. प्रत्येक शब्द ऐकू आला.

मी तसाच उठलो आणि काठी घेऊन तिकडं गेलो. गोपाल सोबत होता. नानाजीच्या वावराचा वरचा कोपरा पाहिला. आपली माती मी कुठंही ओळखीन. त्याची कपाशी माझ्या खांद्याला लागत होती. मग ओघळीच्या कडेनं वर चढलो. तू दोन ओघळी पडल्या असं लिहिलं होतंस. त्या केवढ्या आहेत ते तू लिहिलं नव्हतंस. एका ओघळीत मी उतरलो तर तळाशी पिवळा मुरूम लागला. मी वीतभर धुऱ्यासाठी त्या माणसाशी अकरा वर्षं भांडलो, आणि यंदा पाडव्याला मुहूर्त काढून, झेंडूची माळ घालून, त्याच्या घरी ट्रॉल्या भरून माती पोचवली. वर तो मला सुपारी देतो!

तिथून तुझ्या अर्ध्यात गेलो. नांगरलेलं कुठं संपतं आणि तुझं कुठं सुरू होतं ते पायाला कळलं. नव्या गुडघ्यांना खालच्या ढेकळांत चालवत नव्हतं, तुझ्याकडं चालवलं. खाली बसलो. गोपालला म्हटलं, मला उठवायची घाई करू नकोस. तुझा तो कचरा मला आजही आवडलेला नाही, खोटं कशाला सांगू? डोळ्यांना खुपतो. पण त्याच्याखालची माती वरच्या अंगाची आहे, हे मला खरं वाटेना. वरच्या अंगाला मुरूम, खालच्या अंगाला खोल माती, हे त्या वावराचं जन्मापासूनचं आहे. मी अट घातली तेव्हा चांगलं अर्धं माझ्या वाट्याला आलं होतं. तू तेव्हा बोलली नाहीस. मला वाटलं, तुझ्या लक्षात आलं नाही. गोपाल म्हणाला, पहिल्याच दिवशी लक्षात आलं होतं, पण ती म्हणाली, सबब सांगून जिंकायचं नाही. भिकार अर्ध्यात, गोगलगायींनी खाऊन उरलेल्या झाडांवर, पावसानं दगा दिलेल्या साली तू माझ्यापेक्षा एकच पोतं कमी काढलंस. पन्नास वर्षं शेती केलेल्या माणसाला यात कोण हरलं ते समजतं.

रजतला सांगितलं आहे, मक्त्याची बोलणी बंद. तो बरा मुलगा आहे, त्यानं लगेच भीमसिंगला फोन केला. भीमसिंग म्हणाला म्हणे, “मले तं वयनीचीच भीती वाटत होती.”

आणि तू दर दिवाळीला विचारीन म्हणतेस, ते काही मला सहन व्हायचं नाही. जानेवारीत मी गावी येतो. आपण दोघं तलाठ्याकडं जाऊ. वरचे दोन एकर तुझ्या नावावर करायला काय कागद लागतात ते गोपालला आधी विचारून ठेवायला सांग. मग तिथं काय करायचं ते कोणालाही विचारायचं नाही, मलासुद्धा नाही.

खालचं अर्धं मात्र तुला देत नाही. ते मी नांगरवलं, ते नीट करणं माझ्याकडं लागलं. ओघळी बुजवायच्या, कुटार पसरायचं, तू सांगशील तसं सगळं करीन. नानाजी हसला तर हसू दे. फक्त एक गोष्ट खरी खरी सांग. खालचं अर्धं तुझ्या अर्ध्यासारखं व्हायला किती वर्षं लागतील? मी चौऱ्याहत्तरचा आहे. दोन्ही गुडघे नवे आहेत, बाकी सगळं जुनं आहे. त्या बेतानं सांग.

किसनराव


निंबखेड
२४ नोव्हेंबर २०२५

मामाजी,

तुमचं पत्र वावरातच वाचलं. रडले. निकिता घाबरून विचारायला लागली, नागपूरला काही झालं का. मी पत्रच तिच्या हातात दिलं.

तुम्ही खरं विचारलंत, तर कमी करून सांगत नाही. ओघळींच्या तळाशी मुरूम लागला आहे, तेव्हा पाच वर्षं लागतील. पहिल्या वर्षी पीक कमी येईल आणि तुम्ही माझ्यावर चिडाल. दुसऱ्या वर्षी तण येईल आणि तुम्हाला वखर आठवेल. तिसऱ्या वर्षी काही होत नाही असं वाटेल. तेव्हाच माणसं सोडून देतात. मी तुम्हाला सोडू देणार नाही. एकदा सुरू केलं की अर्ध्यावर टाकून जाता येत नाही, हे आधीच मान्य करून या.

म्हणजे एकोणऐंशी वर्षांचे होईपर्यंत तुम्हाला कुठंही जायची मुभा नाही. तिथल्या डॉक्टरांनाही तसं सांगून ठेवा.

दिपाली